सेव्हियातले चार दिवस आणि एक वीट

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला विटेचं कौतुक नव्याने सांगायला नको. आमचा विठोबाच विटेवर उभा आहे. त्यात मी बत्तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात काढलेला माणूस. विटा पाण्यात बुडवून पाहिल्या, एकमेकींवर वाजवून पाहिल्या, नापास करून ठेकेदारांची तोंडं वाकडी करून घेतली. पण एका विटेपायी अख्ख्या गावाला धमकी देणारा राजपुत्र मला भेटला तो थेट स्पेनमध्ये. त्याची गोष्ट चौथ्या दिवशी येईल.

भाची माद्रिदला नोकरीला आहे. तिकिटं, हॉटेल सगळं तिनेच पाहिलं. मार्चच्या मध्यावर एका गुरुवारी तिने आम्हा दोघांना वेगवान रेल्वेत बसवलं आणि अडीच तासांत आम्ही सेव्हियात उतरलो. आपण सेव्हिल म्हणतो, पण तिथे तसं म्हटलं तर कोणाला कळत नाही. स्टेशनचं नाव सांता हुस्ता. ही हुस्ता कोण, हा प्रश्न तेव्हा पडलाही नाही.

गुरुवार

खोलीवर सामान टाकून संध्याकाळी बाहेर पडलो आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबलो. वास. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गर्द हिरवी झाडं, त्यांवर बारीक पांढरी फुलं आणि त्याच झाडांवर मागच्या मोसमातली चार-दोन केशरी फळं. "अहो, आपल्या मागच्या दारच्या लिंबाला फुलं आली की असाच वास येतो, पण हा दसपट आहे," बायको म्हणाली. हॉटेलवाल्याला विचारलं तर त्याने फुलाचं नाव सांगितलं, आसाआर. मूळ अरबी शब्द, अर्थ फूल. आणि झाड? नारांहो. फळ? नारांहा.

बायकोने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. ती भर रस्त्यात हसायला लागली. नारिंग! संस्कृतातलं नारंग फारसीत गेलं, तिथून अरबीत नारंज झालं, अरबांबरोबर फळ आणि शब्द दोन्ही स्पेनला पोचले. आठशे-हजार वर्षांपूर्वी आपल्या बाजूने निघालेलं झाड इथे रस्तोरस्ती उभं आहे. मी उत्साहाने खाली पडलेलं एक नारिंग सोलून फोड तोंडात टाकली. कडू जहर. समोरच्या टपरीतला पोऱ्या हे बघण्यासाठीच उभा असावा, इतका मनापासून हसला. तेव्हा सूचना पहिली: रस्त्यावरची नारिंगं खायची नसतात, त्यांचा मुरांबा करतात.

जेवायला एका छोट्या खाणावळीत उभ्या-उभ्याच पालक आणि काबुली चण्यांची भाजी खाल्ली. तेलात परतलेला लसूण, जिरं, वर तळलेला पाव. जिऱ्याचा वास आला आणि बायकोचा चेहरा उजळला. ही इथली खास भाजी आहे, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस म्हणून मागावी. शाकाहारी मंडळींनी मात्र जपून. टोमॅटोचं सालमोरेखो नावाचं दाट गार सूप दिसायला निष्पाप असतं, वर डुकराच्या मांसाचे तुकडे पेरलेले असतात. "सिन हामोन" हे दोन शब्द पाठ करून जा.

जेवून कॅथेड्रलच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चच्या बाजूने चक्कर मारली. दिव्यांच्या उजेडात ती पहिल्यांदा दिसली, आणि खरं सांगतो, मला आवडली नाही. एक इमारत वाटेचना. इकडे सुळके, तिकडे घुमट, कोपऱ्यात भलताच उंच चौकोनी मनोरा, त्याचा रंग वेगळा, नक्षी वेगळी. वेगवेगळ्या ठेकेदारांनी एकाच प्लॉटवर आपापली कामं करून ठेवल्यासारखी.

शुक्रवार

सकाळी दक्षिणेच्या दारातून आत गेलो. दारासमोर ढाल घेतलेल्या एका बाईचा ब्राँझचा पुतळा आहे. मनोऱ्याच्या टोकावर वारा दाखवत फिरणाऱ्या पुतळ्याची ही प्रतिकृती. त्या फिरण्यावरूनच मनोऱ्याला हिराल्दा नाव पडलं.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं लागली. मग मान वर गेली आणि तिथेच राहिली. मी आजवर पाहिलेली युरोपातली चर्चेस लांबट होती, बोगद्यासारखी. ही रुंद आहे. खांबांच्या रांगांमागे रांगा, एकाला एक लागून पाच दालनं, त्यांच्या कडेने देवघरासारख्या खोल्या. मधल्या कमानी चाळीस मीटरच्या आसपास, म्हणजे तेरा-चौदा मजली इमारत मावेल. जगातल्या सगळ्यांत मोठ्या गॉथिक चर्चांत हिची गणना होते. पण मला आकारापेक्षा तो प्रमाणाचा प्रश्न छळत होता. इतकी रुंद का?

उत्तर दुपारी एका फलकावरच्या नकाशात सापडलं. इथे आधी मशीद होती. आल्मोहाद या मुस्लिम राजघराण्यातल्या खलिफा अबू याकूब युसुफ याने ११७२ मध्ये सुरू केलेली, हजारोंच्या नमाजासाठी आडवी पसरलेली. २३ नोव्हेंबर १२४८ रोजी कास्तीयाचा ख्रिस्ती राजा तिसरा फर्नांदो याने शहर घेतलं आणि मशिदीचंच चर्च झालं. दीडशे वर्षं त्याच छपराखाली प्रार्थना चालली, फक्त तोंड फिरवून. मशिदीत दक्षिणेकडे पाहत, नंतर त्याच खांबांमध्ये पूर्वेकडे. १३५६ च्या भूकंपाने इमारत खिळखिळी केली आणि १४०१ मध्ये धर्मगुरूंच्या मंडळाने नवी बांधायचं ठरवलं. त्या बैठकीतलं म्हणून परंपरेने एक वाक्य सांगितलं जातं: असं देऊळ बांधू या की पुरं झालेलं पाहणाऱ्यांनी आपल्याला वेडे म्हणावं. मी आयुष्यभर मंजुरीच्या बैठकांना बसलो. असा ठराव एकदाही ऐकला नाही.

पण वेड्यांनीही प्लॉट तोच ठेवला. मशिदीचा आयत जेवढा, तेवढ्यात नवी इमारत बसवली. म्हणून ती रुंद. भिंती गेल्या, खांब गेले, आराखडा मात्र जुन्या मालकाचा राहिला. हे कळलं आणि कालची नावड जराशी उतरली.

सेव्हियाच्या आसपास बांधकामाचा दगड नाही, सगळा नदीचा गाळ. शहर विटेचं. आमच्यासारख्या काळ्या दगडाच्या देशातल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. चर्चचा दगड एल पुएर्तो दे सांता मारियाच्या बाजूच्या डोंगरातून काढून समुद्रातून आणि मग ग्वादल्किविर नदीतून होड्यांनी आणला. शंभर वर्षांच्या या कामाचा एक अगदी जुना नकाशा एकविसाव्या शतकात सापडला, तोही इथे नाही, पार उत्तरेला ओन्याती गावातल्या जोगिणींच्या मठात. आमच्या खात्यातली एकही फाईल इतक्या लांब गेली नव्हती, एवढं समाधान.

१५०६ मध्ये मध्यावरचा कळस पुरा झाला. १५११ मध्ये तो कोसळला. हुआन हिल दे ओन्तान्योनने पुन्हा उभा केला, तो १८८८ च्या १ ऑगस्टला पुन्हा कोसळला, दुरुस्ती चालू असतानाच. मी त्या खांबांशी बराच वेळ उभा होतो. पहारेकऱ्याला संशय आला असावा, तो दोनदा जवळून गेला.

मुख्य वेदीमागे लाकडात कोरलेली, सोन्याने मढवलेली अवाढव्य भिंत आहे. प्येर दांकार्त या फ्लेमिश कारागिराने १४८२ मध्ये सुरू केली, पुरी व्हायला १५६४ उजाडलं. ख्रिस्ताच्या आयुष्यातले चाळीसहून अधिक प्रसंग. समोर उंच जाळी, आपण बाहेर. इतकं बारीक काम इतक्या उंच ठेवायचं की कोणाला दिसूच नये, हे मला नाही पटलं. बायको म्हणाली, "अहो, ते आपल्यासाठी नाही. वरून बघणाऱ्यासाठी आहे." शिक्षिकेपुढे काय बोलणार.

तिला रस होता कोलंबसात. चार धिप्पाड राजदूत खांद्यावर शवपेटी घेऊन निघालेत, कास्तीया, लेओन, आरागोन आणि नावारा या चार राज्यांचे. आर्तुरो मेलिदाने हे थडगं हवानासाठी घडवलं होतं. १८९८ मध्ये क्यूबा हातचा गेला आणि स्पेनने कोलंबसाची हाडंही परत आणली. माणूस १५०६ मध्ये वायादोलिदला मेला, पुढे सेव्हिया, सांतो दोमिंगो, हवाना आणि पुन्हा सेव्हिया. मेल्यावर जास्त फिरला. सांतो दोमिंगोवाले आजही म्हणतात हाडं आमच्याकडेच आहेत, पण डीएनए तपासणीने इथली हाडं त्याचीच ठरवली. बायको त्या पेटीकडे बघत म्हणाली, "आपल्याकडे यायला निघालेला ना हा? पत्ता चुकला, पण थाट बघा." लेओनच्या दूताच्या भाल्याचं टोक एका डाळिंबात घुसलेलं आहे. स्पॅनिशमध्ये डाळिंब म्हणजे ग्रानादा, १४९२ मध्ये जिंकलेलं शेवटचं मुस्लिम राज्य. सांगोल्याच्या डाळिंबांवर वाढलेल्या आम्हाला ते भाल्याचं टोक जरा लागलंच.

एका खोलीत मुरियोचं संत अँथनीचं प्रचंड चित्र आहे, १६५६ चं. त्याच साली विजापुरात मुहंमद आदिलशाह वारला आणि त्याला गोलघुमटाखाली पुरलं. सोलापूरकरांना शाळेच्या सहलीमुळे ती तारीख चिकटलेली असते. १८७४ मध्ये चोराने या चित्रातला फक्त संत कापून नेला. पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये सापडला, आणून परत जोडला. जोड दिसतो का म्हणून आम्ही मान वाकडी करकरून पाहिलं. नीट उजेडात अंधुक दिसतो, किंवा आम्हाला दिसायला हवा होता म्हणून दिसला.

आणि गोयाचं १८१७ चं चित्र: दोन बायका, हातात मडकी, पायाशी सिंह, मागे हिराल्दा. हुस्ता आणि रुफिना. म्हणजे आमच्या स्टेशनची सांता हुस्ता ही! रोमन काळात या दोघी बहिणी मडकी विकायच्या, परक्या देवतेच्या उत्सवाला मडकी द्यायला नकार दिला म्हणून मारल्या गेल्या. पुढे भूकंपात त्यांनी दोन्ही बाजूंनी हिराल्दाला धरून ठेवलं, अशी लोकांची श्रद्धा. शहराचा मनोरा कुंभारणींनी सावरून धरावा, ही कल्पना मला फार आवडली.

बाहेर पडण्याआधी नारिंगांच्या अंगणात बसलो. मशिदीचं वजूचं अंगण ते हेच. झाडांच्या ओळी, ओळींमधून पाण्याचे पाट. त्याच्या एका ओवरीत छताला मगर टांगलेली आहे! इजिप्तच्या सुलतानाने फर्नांदोच्या मुलाला, राजा दहाव्या आल्फोन्सोला, १२६० च्या सुमारास जिवंत मगर भेट दिली म्हणतात, राजकन्येला मागणी घालण्यासाठी. मगर मेल्यावर पेंढा भरून टांगली, आता तिथे लाकडी आहे. लग्न अर्थातच झालं नाही.

पाय इतके दुखत होते की हिराल्दा चढणं उद्यावर ढकललं. ही चूक. तिकीट एकच असतं, मनोरा त्यातच येतो, पण एकदा बाहेर पडलात की संपलं. आत किमान तीन तास धरा आणि मनोरा आधी चढा. आमचे पैसे दुसऱ्यांदा गेले.

शनिवार

सकाळपासून पाऊस. आमची छपरावरची फेरी तासभर पुढे ढकलली. ही फेरी वेगळी, तिचं तिकीट वेगळं, आणि गुडघे धड असतील तरच घ्या. गोल जिना इतका अरुंद की खांदे दोन्हीकडे घासतात. इंग्रजी गट भरला होता, म्हणून आम्ही स्पॅनिश गटात शिरलो. वाटाडी मुलगी भराभर बोलत होती, आम्हाला दहातला एक शब्द कळत होता, आणि तरी माझ्यासाठी हा सगळ्या प्रवासातला सर्वांत चांगला तास ठरला.

या चर्चला उतरतं छप्पर नाही. उत्तरेकडच्या गॉथिक चर्चांवर लाकडी, टोकदार छपरं असतात. इथे कमानींच्या पाठीवर सपाट गच्च्या आहेत, आपल्या धाब्याच्या घरासारख्या. पाऊस नुकताच थांबला होता आणि सगळ्या उतारांवरून पाणी बरोबर जिथे जायचं तिथे जात होतं. मी वाकून उतार बघत होतो, बाकीचे शहराचे फोटो काढत होते.

मग मुलीने गच्चीच्या फरशीकडे बोट दाखवलं. ओल्या दगडावर बारीक कोरलेल्या रेषा, वर्तुळाचे तुकडे, एकमेकांना छेदणारे. बाकीच्यांनी बघितलं आणि पुढे गेले. मी मात्र बसलोच. कमानीची पूर्ण मापातली आखणी! आम्ही नोकरीला लागलो तेव्हा पुलाच्या कमानीचा साचा बनवताना जमिनीवर चुन्याची फक्की मारून अशीच पूर्ण कमान आखायचो आणि सुतार त्यावरून फळ्या कापायचा. इथल्या पाथरवटांनी कागदाऐवजी गच्ची वापरली होती. मी हातवारे करून विचारलं, मुलीने हातवारे करून उत्तर दिलं. साचा, दगड, कमान. भाषेची गरज पडली नाही.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मात्र एका सहप्रवाशाने इंग्रजीत उलगडली. कमानींच्या पाठीवरच्या खोलगट जागा भरायला दगड-माती टाकली तर वजन वाढतं. म्हणून सेव्हियात तिथे फुटकी, भट्टीत बिघडलेली मडकी भरायची पद्धत होती. पोकळ, हलकी, स्वस्त. आता ती काढून अभ्यासक त्यांवरून त्या काळची भांडी कशी होती ते ठरवतात. मला गोयाच्या त्या दोघी आठवल्या. मनोऱ्याचं माहीत नाही, छताला मात्र कुंभारांनी खरोखरच सांभाळलं.

दुपारी सांता पाउलाच्या मठात गेलो. आतल्या जोगिणी मुरांबे करून विकतात. कडू नारिंगाचा एक घेतला. देणारी वृद्ध जोगीण मूळची कुठली, असं बायकोने हातवाऱ्यांनी विचारलं, तिने आम्ही कुठले ते विचारलं. "इंडिया" म्हटल्यावर तिने दोन्ही हात छातीवर ठेवले आणि बरणीबरोबर दोन बिस्किटं फुकट दिली. सुट्टे पैसे घेऊन जा आणि दुपारच्या बंद वेळेआधी पोचा.

रात्री दहाच्या सुमारास परत येताना एका गल्लीत गर्दी दिसली. आवाज नाही, वाद्य नाही, फक्त शेकडो पायांचा घासत चालण्याचा आवाज. कोपऱ्यावरून एक मोठा लाकडी सांगाडा आला, मूर्तीविना, वर वजनाला ठेवलेल्या गोण्या, आणि खाली तीस-चाळीस माणसं वाकलेली. पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकांची तालीम. पुढच्या म्होरक्याने हातोडा आपटला, सांगाडा खाली टेकला, आतून घामाने भिजलेले पुरुष बाहेर आले. डोक्यावरून मानेपर्यंत जाड कापडाची गुंडाळी. चुंबळ! बायको पुटपुटली. फरक एवढाच की हे वजन डोक्यावर घेत नाहीत, मानेच्या मणक्यावर घेतात. शेजारच्या आजोबांनी तुटक्या इंग्रजीत समजावलं: साठच्या आसपास मंडळं, प्रत्येक आपल्या चर्चमधून निघतं, एका ठरलेल्या रस्त्याने कॅथेड्रलमध्ये एका दाराने शिरतं, दुसऱ्याने बाहेर पडतं. कुणाची पाळी कधी, हे मिनिटांवर ठरलेलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आषाढीला पंढरीत दिंड्यांच्या मानाच्या क्रमावरून काय होतं ते आम्हाला कोणी शिकवायला नको होतं. मी आजोबांना विचारलं, क्रमावरून भांडणं होतात का? ते इतके हसले की उत्तराची गरज उरली नाही.

रविवार

सकाळी लवकर उठून मनोऱ्यासाठी रांग नको म्हणून साडेनऊला दारात हजर. पहारेकऱ्याने मान हलवली. रविवार! सकाळी प्रार्थना, पर्यटकांना दुपारनंतर. इतकी साधी गोष्ट मी, तारखा-वार वहीत लिहून फिरणारा, विसरलो. बायको काही बोलली नाही, जे जास्त वाईट.

पण प्रार्थनेला जाणाऱ्यांचं दार वेगळं असतं, तिथे तिकीट नाही. फोटो नाहीत, हिंडणं नाही, शांत बसायचं. आम्ही मागच्या बाकावर बसलो. ऑर्गन सुरू झाला तेव्हा तो कानाने नाही, बाकाच्या लाकडातून ऐकू आला. शुक्रवारी जी इमारत गोदामासारखी भासत होती, ती त्या आवाजाने काठोकाठ भरली. एवढी उंची कशाला, हे त्या वेळी विचारावंसं वाटलं नाही.

नंतर राजांच्या देवघरात डोकावलो. शहर जिंकणारा फर्नांदो तिथे चांदीच्या पेटीत आहे, एका बाजूला मुलगा दहावा आल्फोन्सो. फर्नांदोच्या थडग्यावरचा लेख चार भाषांत आहे: लॅटिन, कास्तीयन, अरबी आणि हिब्रू. हरलेल्यांच्या भाषेत जिंकणाऱ्याचं वर्णन, पण निदान त्यांची भाषा तिथे होती. १३९१ मध्ये याच शहरातल्या यहुदी वस्तीवर हल्ला होऊन ती उद्ध्वस्त झाली. आमचं हॉटेल त्याच जुन्या वस्तीत, आता तिथे कुंड्या आणि पर्यटक.

मधल्या वेळात पूल ओलांडून त्रियानाला गेलो, कुंभारांचं जुनं उपनगर. भिंतींवर, बाकांवर, दुकानांच्या पाट्यांवर रंगीत फरशा. पणजीच्या फोन्तेन्यासमध्ये घरांच्या नावांच्या अशा फरश्या पाहिल्या होत्या, पण त्या पोर्तुगीज घाटाच्या. इथे रंग जास्त भडक. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, खरेदी करायची तर शनिवारीच या. नदीकाठी तळलेले मासे मी खाल्ले, बायकोने दुधात भिजवून तळलेला, मधात घोळलेला पाव खाल्ला, तोर्रिखास. उपवासाच्या दिवसांतलं पक्वान्न म्हणे. आपला साबुदाणा आणि त्यांचा हा पाव यांत कोणाचा उपवास जास्त कडक, यावर आमचं एकमत झालं.

आणि शेवटी पाचच्या सुमारास, दुसऱ्या तिकिटावर, हिराल्दा.

आधी बाहेरून पाया पाहा. कोपऱ्यात तळाशी दगड आहेत, त्यांतल्या काहींवर रोमन अक्षरं, कुठल्या तरी जुन्या इमारतीतून उचलून आणलेले. ११८४ मध्ये अहमद इब्न बासोने दगडाचा पाया घातला, वरचं विटेचं काम अली अल-घुमारीने केलं, ११९८ मध्ये टोकावर सोनेरी गोळे चढले. दोन मुकादम, दोन सामग्री, आणि सांधा असा की आठशे वर्षांत हललेला नाही. वरच्या भागात विटांचीच जाळीदार नक्षी. गिलावा नाही, लपवाछपवी नाही.

आत शेवटच्या थोड्या सोडल्या तर पायऱ्या नाहीत. पस्तीस उतरणी, भिंतीच्या कडेकडेने वळत वर जाणाऱ्या, बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून जाता यावं म्हणून. माझ्या गुडघ्यांनी त्या अज्ञात मुअज्जिनाला दुवा दिला. दौलताबादचा चांद मिनार मी तरुणपणी खालून पाहून उंचीच्या गोष्टी करायचो. इथे प्रत्येक वळणावर खिडकी, खिडकीत शहराचा एक तुकडा, थोडा थोडा खाली जाणारा.

विसाव्या की एकविसाव्या वळणावर थांबलो तेव्हा बायकोने पुस्तिकेतून ती गोष्ट वाचून दाखवली. १२४८ मध्ये शहर शरण येताना मुसलमानांनी अट घातली: मशीद आणि मनोरा आम्हाला पाडू द्या, परक्याच्या हाती नकोत. राजपुत्र आल्फोन्सो, तोच खाली पेटीत झोपलेला, म्हणाला, त्या मनोऱ्याची एक वीट जरी हलली तरी एकालाही जिवंत सोडणार नाही. दंतकथाच असेल. पण ज्यांनी बांधला त्यांना तो पाडावासा वाटला, आणि ज्यांनी जिंकला त्यांना तो राखावासा वाटला, ही उलटी गाठ मला सुटेना.

मी गप्प झालो तेव्हा बायकोला कारण माहीत होतं. नव्वदच्या दशकात एका ओढ्यावरचा चुन्यात बांधलेला तीन कमानींचा छोटा पूल रुंदीकरणात आला. बाजूने वळण काढता आलं असतं. पाडण्याच्या कागदावर सही माझी. पाडताना चुना इतका घट्ट निघाला की यंत्राला दोन दिवस जास्त लागले.

"चला, वर घंटा वाजतील आता," ती म्हणाली.

वर घंटाघर आहे, १५५८ ते १५६८ मध्ये एर्नान रुइस धाकट्याने मशिदीच्या मनोऱ्यावर चढवलेलं. चोवीस घंटा. जोड स्पष्ट दिसतो, खाली आल्मोहाद, वर रिनेसान्स म्हणजे प्रबोधनकाळातली शैली, आणि तरी दुरून पाहणाऱ्याला हा एकच मनोरा वाटतो. सहा वाजले तेव्हा आम्ही नेमके एका घंटेखाली होतो. कान बधिर होऊन दोघंही हसत सुटलो. खाली नारिंगांचं अंगण पाटीवरच्या चौकटीसारखं आखलेलं, त्याला लागून काल चढलेल्या गच्च्या. गुरुवारी रात्री जे ठेकेदारांचं भांडण वाटलं होतं, त्याचा नकाशा वरून पाहिल्यावर सरळ होता.

उतरल्यावर पलीकडच्या इंडीज अभिलेखागारात पंधरा मिनिटं शिरलो. व्यापारी पूर्वी कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरच सौदे करायचे आणि ऊन-पाऊस आला की थेट आत घुसायचे. त्यांना हाकलण्यासाठी १५८४ मध्ये ही बाजारपेठ बांधायला घेतली, हुआन दे एरेराच्या आराखड्यावर. १७८५ पासून तिथे अमेरिकेतल्या राज्याची कागदपत्रं आहेत. एका कपाटापुढे दुसरं, लाल गठ्ठे, दोऱ्यांनी बांधलेले. मी काही विचारलं नाही. कार्यालयाचा वास ओळखीचा होता.

सोमवारी सकाळी सांता हुस्ताच्या फलाटावर बायकोने स्टेशनच्या पाटीला हात जोडले. कुंभारीण म्हणून, की गाडी वेळेवर आली म्हणून, विचारलं नाही. मुरांब्याची बरणी सामानाच्या मधोमध, माझ्या दोन स्वेटरांत गुंडाळून सोलापूरपर्यंत आली. गरम पोळीबरोबर तो पंधरा दिवस पुरला. बरणीत आता मेतकूट आहे.